बाबल मेस्त्रीचा उलटा खांब

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते मला विचारू नका, खैरवणात चावडी नव्हती. गाव झाडाखाली बसायचं. तेव्हा बाबल मेस्त्री म्हणाला, मी बांधतो. ऐनाच्या लाकडाचे बारा खांब, त्यावर तुळया, आढं, वासे. मधे फळ्यांचं छत नाही. कोण कुणाला पेलतंय ते खाली बसणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आता सुतारांची रीत अशी, की झाड रानात उभं होतं तसाच खांब उभा करायचा. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा लागला तर तो भार घेत नाही, फाटतो. म्हणून बुंध्याला चुन्याचं बोट लावून ठेवतात. पण हे लाकूड उघडं दिसायचं ना! बाबलने बाराही खांब रंध्याने गुळगुळीत केले आणि चुना गेला भुशात. मग उभे केले अंदाजाने.

कौलं चढवायच्या दिवशी तो गावासमोर आला.

“एखादा खांब उलटा लागलाय. कुठला ते उमगत नाही.”

“इतके दिवस तोंडात सुपारी धरली होतीस काय रे?” गावचा मानकरी गावकर म्हणाला. “वर फळ्या मार, खांबांना रंग दे. कुणाला कळतंय?”

“वजनाला कळेल.”

लोक चक्रावले. पाडायला मन होईना, खाली बसायला धीर होईना. मग बाबल मधल्या तुळईखाली गेला आणि हात वर करून उभा राहिला. म्हणाला, “चढवा. पडलं तर माझ्यावर पडेल.”

कौलं चढली. बाराही खांब एकदम कण्हले, तुळई चार बोटं खाली आली आणि त्याच्या तळव्यांवर थांबली, असं म्हणतात. नऊ दिवस तो तसाच उभा. माझा आजा म्हणायचा चार महिने. आजा खोटं बोलत नसे, पण ताडी पीत असे. बाबलची बायको रखमा त्याला उभ्यानेच पेज भरवायची आणि शिव्या घालायची, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

मग तुळई आपोआप वर गेली. बाबलने हात खाली घेतले, तर तो स्वतःच चार बोटं बुटका झालेला, असं म्हणतात.

उलटा खांब कुठला? प्रत्येक घर वेगळा दाखवतं. मी बाराही चाचपलेत. मला काही कळत नाही.

पण आजही त्या चावडीत जो बोलायला उठतो, त्याने बाबल मेस्त्रीचं नाव घेऊन आधी आपली एक चूक सांगायची. मग गावाचं काम. गेल्या सभेत सरपंच उठला, बराच वेळ उभा राहिला, आणि तसाच खाली बसला.