रमण्यावरची कोप

ज्वारीच्या मुलखातल्या एका गावी सिद्राम नावाचा शेतकरी राहत होता आणि त्याचं सगळं छान चाललं होतं. ज्याचं छान चाललेलं असतं, त्यालाच नसत्या उठाठेवी सुचतात.

ओढ्याकाठी त्याचं काळ्या मातीचं शेत होतं. फार मोठं नव्हे, पण कसदार. पाऊस बेताचा झाला तरी ज्वारी पुरुषभर उंच व्हायची. गावाच्या वर माळावर एक रमणा होता. रमणा म्हणजे शिकारीसाठी राखलेलं रान. गुडघाभर गवत, चार बाभळी, ससे, तितर, आणि नशिबात असेल तर एखादं काळवीट. हा रमणा आंबूअक्काचा. तिचा नवरा सरदारांच्या पदरी शिकारी होता. त्याच्या नेमावर खूश होऊन सरदारांनी त्याला तो माळ बक्षीस दिला होता. आता नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, आणि माळावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं.

त्या भागात वेळ अमावस्या मोठी. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप घालायची, म्हणजे छोटी खोपटी. आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे. शेताच्या धन्याने आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. आणि ज्याला शेत नाही, त्याला आग्रहाने बोलावून जेवू घालायचं. आंबूअक्का दरवर्षी सिद्रामच्या कोपीत जेवायची. पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाखाणायची आणि हळूच म्हणायची, "सिद्रामा, एकदा तरी माझ्या स्वतःच्या कोपीत कुणाला वाढावं, असं फार वाटतं रे."

सिद्राम हसायचा आणि तिच्या पानात बाजरीचा आणखी एक उकडलेला उंडा वाढायचा.

पुढे कापसाला सोन्याचा भाव आला. पेठेतल्या शेटजींच्या हातात पैसा खेळू लागला, आणि पैसा खेळू लागला की माणसालाही खेळ सुचतात. ज्याने जन्मात उंदीर मारला नव्हता, तोसुद्धा खांद्यावर बंदूक टाकून तितरामागे धावू लागला. ज्याला त्याला स्वतःचा रमणा हवा! रमण्यांचे भाव असे चढले, की एका रमण्याच्या पैशात दोन चांगली शेतं यावीत.

सिद्रामच्या डोक्यात चक्र सुरू झालं. शेत देऊन रमणा घ्यायचा, रमणा शेटला विकायचा आणि दोन शेतं घ्यायची. त्याची बायको गोदा म्हणाली, "अहो, आणि तोवर भाकरी कुठं पिकवायची? काळविटाच्या शिंगावर?"

पण ऐकतो कोण! तो तडक आंबूअक्काकडे गेला. अदलाबदलीचं नाव काढताच म्हातारीचे डोळे भरून आले. रमण्याला काय भाव चाललाय, हेसुद्धा तिने विचारलं नाही, आणि अदलाबदल तिथल्या तिथे झाली. काय खुळी बाई आहे, असं मनात म्हणत सिद्राम घरी आला.

रमणा बघायला एक शेट आले. दोन शेतांची किंमत देतो म्हणाले. गुमान घ्यावी की नाही? पण हावेला बूड नसतं. "पुढच्या वर्षी तीन शेतांची किंमत देणारा येईल," सिद्राम म्हणाला. शेट हसले आणि घोडागाडीत बसून निघून गेले.

पुढच्या वर्षी कुणीच आलं नाही. कापसाचा भाव कोसळला, पेढ्यांना कुलपं लागली, बंदुका खुंटीवर गेल्या. असतील शितं तर जमतील भुतं. रमणा आधी कुणी निम्म्या भावात घेईना, मग पाव भावात घेईना, मग कुणी भावच विचारीना. तंगी आली की घरातून पहिली बाहेर पडते ती हौस. शेतांचे भावही उतरले, खोटं कशाला बोला! पण उतरले आणि थांबले. बाजारात ज्वारी स्वस्त झाली म्हणून कणसात दाणे कमी भरत नाहीत, आणि मंदी आली म्हणून कुणाची भूक मरत नाही.

सिद्राम माळावरचं गवत कापून विकू लागला. गोदा लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. पण सिद्रामला गरिबी बोचत नव्हती. बोचत होतं ते शेत. संध्याकाळ झाली की त्याचे पाय आपोआप ओढ्याकडे वळायचे. तो बांधाबाहेर उभा राहायचा. ज्वारी वाऱ्यावर सळसळायची. उगवतीच्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, तिथं चर काढायला हवा, हे त्याला बाहेरूनही दिसायचं. पण बांध ओलांडून आत जायचा हक्क कुठे होता? माहेर तुटलेल्या बाईसारखा तो नुसता बघायचा आणि परत फिरायचा.

येळवस आली. आदल्या दिवशी आंबूअक्का दारात उभी. "सिद्रामा, गोदा, उद्या शेतात या बरं जेवायला. लवकर या."

ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं, ही रीतच होती. सिद्रामने नुसती मान डोलावली. म्हातारी गेल्यावर तो गोदाला म्हणाला, "उद्या अक्काला सांगतो, शेटलोक परत येणार आहेत. रमण्याला दुप्पट भाव येणार आहे. मग ती आपणहून शेत बदलून देईल."

"खरंच येणार आहेत?" गोदाने विचारलं.

सिद्राम उठला आणि गवताच्या विळ्याला धार लावत बसला.

दुसऱ्या दिवशी शेतात आंबूअक्काने पूजा मांडली होती. ती लगबगीने पुढे आली. "सिद्रामा, माझे गुडघे चालत नाहीत, आणि घरात पुरुषमाणूस नाही. फेरी तूच मार बाबा. ह्या मातीला तुझी ओळख आहे."

सिद्रामने आंबिलीचं मडकं उचललं आणि तो ज्वारीत शिरला. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" येळवशीच्या फेरीची वर्षानुवर्षांची आरोळी त्याच्या तोंडून निघाली, आणि एकेका कोपऱ्याला त्याला रडू येऊ लागलं. इथं त्याने पेरणीला पहिली पाभर धरली होती. इथं बैल बसला होता, तो उठलाच नाही. उगवतीच्या कोपऱ्यात नवा चर काढलेला होता. म्हातारीला तेसुद्धा दिसलं होतं. फेरी संपवून तो कोपीपुढे आला तेव्हा मडकं रिकामं होतं आणि गाल ओले होते.

आंबूअक्काने त्याच्याकडे पाहिलं. "का रे? माळाचं काय? येतंय का कुणी बघायला?"

हीच वेळ होती. एक खोटं बोललं की शेत हातात. सिद्रामने पाच पांढऱ्या दगडांकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"नाही अक्का," तो म्हणाला. "कुणी येत नाही. येणारही नाही. मी तुला फसवायला आलो होतो. मला हे शेत परत हवं होतं."

आंबूअक्काने त्याच्या हातातलं रिकामं मडकं घेऊन खाली ठेवलं. मग म्हणाली, "खरं बोललास, देव तुझं भलं करो. पण शेत मी देणार नाही रे. मलाही ते एकदाच मिळालंय. तुझा एवढा जीव होता ह्याच्यात, तर तेव्हा बोलला का नाहीस?"

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं," सिद्राम म्हणाला.

तिने त्याला हाताला धरून पानावर बसवलं आणि पोटभर वाढलं. निघताना बियाण्यासाठी पदरभर हुलगे दिले.

पावसाळ्यात सिद्रामने रमण्याचा एक तुकडा नांगरला. दगड वेचून वेचून हाताला घट्टे पडले. पीक आलं ते वीतभर उंचीचं, पण आलं. पुढच्या येळवशीला त्याने तिथं कोप घातली आणि आंबूअक्काला आमंत्रण दिलं. आपल्या शेतातली पूजा आटोपून म्हातारी काठी टेकत माळ चढून आली, जेवली, आणि तिने खाली पाहिलं. ओढ्याकाठची ज्वारी या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात डोलत होती.

"अगंबाई," ती म्हणाली, "इथून माझं शेत किती छान दिसतं रे!"

"होय अक्का," सिद्राम म्हणाला. "म्हणून तर कोप इथं घातली."

तात्पर्य: हौसेचा भाव बाजार ठरवतो आणि बाजारच बुडवतो, पण ज्या मातीत आपली भाकरी आणि आपला जीव असतो, तिचं मोल ती हातात असतानाच ओळखावं, कारण गेल्यावर तिची हळहळ सगळ्या जन्माला पुरून उरते.