माहेर न सापडलेली संख्या

त्या राज्यात मूळ संख्या डोंगरावर राहत आणि संयुक्त संख्या खाली सपाटीवर. मूळ संख्यांना एकखेरीज आणि स्वतःखेरीज कुणी भागू शकत नसे. त्यांच्या दारांत झरे होते. एखाद्या संख्येला ज्या मूळ संख्येने निःशेष भाग जाई, ती तिचे माहेर ठरे, आणि त्या झऱ्याचे पाणी तिच्या दारी येई. बाराकडे दोनचे आणि तीनचे पाणी येत असे. पस्तीसकडे पाचचे आणि सातचे.

एका उन्हाळ्यात तिथे एक फार मोठी संख्या आली. तिचे पूर्ण नाव घ्यायला दिवस पुरत नसे, म्हणून सगळे तिला दीर्घा म्हणू लागले. आपण कोण, हे तिलाच ठाऊक नव्हते.

ती आधी डोंगर चढली. तिथे पहाऱ्यावर सत्त्याण्णव होती.

"मूळ आहेस?"

"असेन. मला कुणी भागल्याचं आठवत नाही."

"आठवणीवर इथे घर मिळत नाही, बाई. सिद्ध करून ये."

खाली बाराने तिला ओसरीवर जागा दिली, घोटभर पाणी दिले आणि डोंगरावर निरोप धाडले. दोन आणि पाच आल्या, शेवटचा अंक पाहून उभ्या उभ्याच परतल्या. तीनने सारे अंक मिळवता मिळवता संध्याकाळ केली. बाकी एक उरली. सात घाम पुसत भागत राहिली, बाकी चार. मग अकरा, तेरा, सतरा. दर वेळी दीर्घा श्वास रोखून बसे, आणि दर वेळी काहीतरी उरे. पुढे पुढे तिला त्या उरलेल्याचीच लाज वाटू लागली.

शेवटी राज्याची परीक्षक आली. तिची रीत निराळी होती. ती भागत नसे. तिने दीर्घाहून एकने कमी इतके दोन घेतले, ते एकमेकांशी गुणत नेले, आणि गुणाकार दीर्घाहून मोठा झाला की त्यातून दीर्घाला वजा करत राहिली. दीर्घा मूळ असती तर शेवटी एक उरायला हवा होता. उरला भलताच आकडा.

"तू मूळ नाहीस," परीक्षक म्हणाली. "तुला भागणारं कुणीतरी नक्की आहे."

दीर्घाला रडू कोसळले. "म्हणजे मला माहेर आहे! कोण?"

"ते या परीक्षेत कळत नाही."

"मग कशात कळतं?"

"एकेकीला विचारून. पण सगळे झरे आटले तरी तुझं विचारणं संपायचं नाही."

डोंगराचे दार आता कायमचे बंद झाले. सपाटीवर माहेराचे नाव सांगितल्याशिवाय पाणी नव्हते. बारा आपल्यातले देत राहिली, पण एवढ्या देहाला ते कुठे पुरणार! ओठ सुकले तशी दीर्घा उठली आणि डोंगराच्या पायथ्याने हाका मारत निघाली, "मला कुणी भागून पाहता का?" तिचा आवाज पहिल्या वळणापर्यंतही चढत नव्हता.

पार वर, ढगांत, दोन मूळ संख्या शेजारी शेजारी राहत होत्या. दोघींची नावे लांबलचक. दोघींच्या पाण्यावर कधी कुणी हक्क सांगितला नव्हता, आणि आपल्याला कुणी नाही हे दोघींनी केव्हाच मान्य केले होते. त्यांचा गुणाकार कुणी कधी करून पाहिला नव्हता.

"खाली कुणीतरी चाललीय," एक म्हणाली. "केवढी मोठी आहे, बघ."

"असेल कुणाची तरी," दुसरी म्हणाली.

मग दोघींनी आपापल्या झऱ्याचा बांध फोडला आणि कुणालाच नको असलेले तुडुंब भरलेले पाणी पलीकडच्या दरीत सोडून दिले.