जास्वंदीवरचा केर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव नेमकं कुठं होतं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. त्या गावात एक बाई राहत होती. तिचं खरं नाव गाव विसरून गेलं होतं. लहानथोर सगळे तिला लख्खकाकू म्हणत.

म्हणणार नाहीत तर काय! तिच्या सारवलेल्या अंगणात तांदूळ सांडले, तर तसेच वेचून शिजवावेत. आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत जळमटाचा एक धागा शोधून दाखवावा आणि काकूकडून लाडू न्यावा. पण लाडू न्यायला येणार कोण? पोरांचे पाय मातीचे, म्हणून पोरांना मज्जाव. बायकांच्या पदराला पीठ, म्हणून त्यांना पायरीवरूनच निरोप. होता होता सगळ्यांचं येणंजाणं थांबलं आणि त्या चकचकीत घरात काकू एकटीच उरली.

शिमगा सरला, तेव्हा तिच्या जास्वंदीवर एक शिंजीर पक्षी आला. असेल अंगठ्याएवढा. काळाभोर, पण ऊन पडलं की निळाजांभळा चमके. बाकदार चोच फुलात घालून मध प्यायचा आणि शेंड्यावर बसून चिवचिवाट करायचा. काकू हातातली कामं टाकून बघत राहायची. तिच्या मनानं घेतलं, की ह्यानं इथंच घरटं बांधावं. घरात कुणाचा तरी आवाज होईल.

मग काय विचारता! तिनं नवी परडी आणून वळचणीला टांगली, आत पांढराशुभ्र कापूस घातला. वाटीत गुळाचं पाणी ठेवलं. शिंजीर परडीकडे ढुंकूनही बघेना.

त्याच्यासोबत एक मळकट पिवळसर पाखरू मात्र रोज यायचं. ना रंग, ना रूप. ते वळचणीखाली उलटं लटकायचं, कोपरा न् कोपरा धुंडाळायचं आणि रिकाम्या चोचीनं परत जायचं. काकू त्याला हाकलायची. "हाड! आलं फुकटचं खायला!" पण ते शोधतंय तरी काय? काकूनं डोकं खाजवलं. वर कुठंतरी घाण राहिली असणार, दुसरं काय! तिनं बांबूला कुंचा बांधला आणि वळचण पुन्हा एकदा झाडून काढली.

त्यात आणखी एक कोडं. जास्वंदीच्या फांदीला मधूनच केराचा एक गुंता लटकलेला दिसे. वाळकी पानं, सालपटं, अळ्यांच्या लेंड्या, सगळं एकात एक चिकटलेलं. वाऱ्यानं आलं म्हणावं, तर वारा कधी गाठ मारून केर टांगतो होय? काकू तो ओढून उकिरड्यावर टाकी. काही दिवसांनी पुन्हा तसाच केर हजर! एकदा तर त्यात इवलंसं, ठिपक्याठिपक्यांचं फुटकं टरफल निघालं. पालीचं असेल, म्हणत काकूनं नाक मुरडलं आणि हात दोनदा धुतले.

आणि एके दिवशी शिंजीर यायचाच थांबला.

काकूला काही समजेना. गूळ कमी पडला का? परडी आवडली नाही का? तिला जेवण जाईना. तेवढ्यात कुंपणापलीकडून ओळखीचा चिवचिवाट ऐकू आला. पलीकडे अनसाचं घर. अनसा म्हणजे गावातली एक नंबरची गबाळी. तिच्या पडवीत जळमटं लोंबत, कोंबड्या घरभर फिरत आणि पोरं त्यांच्या मागे. अशा घरी शिंजीर गेला? काकूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अनसाच केर आणून टांगते आणि माझं पाखरू पळवते!

केरसुणी घेऊन काकू तरातरा गेली. अनसाच्या दारात वालाचा वेल होता आणि त्या वेलाला अगदी तसाच केराचा गुंता लोंबत होता.

"सापडलीस! हाच केर तू माझ्या जास्वंदीला टांगायचीस ना?" काकूनं केरसुणी उगारली.

"अहो काकू, हात आवरा!" अनसानं धावत येऊन तिचं मनगट धरलं. "आत अंडी हायेत!"

"केरात कसली अंडी?"

तेवढ्यात त्या केरातून एक बाकदार चोच बाहेर आली. तेच मळकट पिवळं पाखरू! वरच्या शेंड्यावर काकूचा लाडका शिंजीर जिवाच्या आकांतानं ओरडत होता.

"त्याची बायको हाय ती," अनसा म्हणाली. "मी शेंगा सोलत बसले होते, तवा बघितलं. पडवीतली जळमटं नेली आणि त्यात पानं चिकटवून घर केलं तिनं. मी काय केलं नाय बाई. केर काढायचा राहून गेला, एवढंच."

काकूच्या हातून केरसुणी गळून पडली. तिला त्या पाखराच्या वळचणीतल्या रिकाम्या फेऱ्या आठवल्या. उकिरड्यावर टाकलेले ते गुंते आठवले. मग ते ठिपक्यांचं टरफल आठवलं आणि तिला रडू फुटलं. ज्याची वाट बघत होती, त्याचं घर तिनं आपल्याच हातानं पुन्हा पुन्हा मोडलं होतं.

त्या दिवसापासून वळचणीचा एक कोपरा काकूनं झाडायचा सोडला. तिथं लोंबणारी जळमटं बघून, काकू आजारी आहे की काय, म्हणून गाव चौकशीला आलं. पोरं आली, मातीच्या पायांनी. काकूनं त्यांना आत घेतलं.

पुढल्या शिमग्यानंतर ती मळकट पाखरीण आली. तिनं त्या कोपऱ्यातलं जळमट चोचीत धरलं आणि कुंपणावरून थेट अनसाच्या वेलाकडे गेली. घर तिनं तिथंच बांधलं. काकू पायरीवर बसून बघत राहिली. पाखरीण पुन्हा आली, तेव्हा काकूनं तिला हाकललं नाही.

म्हणून सांगतो, ज्याला जीव लावायचा त्याची आधी नीट ओळख करून घ्यावी; नाहीतर आपली मायाच त्याच्या मुळावर येते.