चकचकीत सायकली

“...आणि ब्रेक कोणी पाहिले?” मी विचारलं.

आसनावर बसलेल्या भंतेजींनी माझ्याकडे बघितलं.

विहाराच्या अंगणात सायकली ओळीनं उभ्या होत्या. शहरातल्या लोकांनी वापरून दान दिलेल्या. जंगलापलीकडच्या टोल्यावरच्या, त्या लहानशा वस्तीवरच्या मुलींना शाळेत जायला वाटायच्या होत्या. प्रत्येक हँडलला झेंडूची माळ.

मागच्या वेळी वाटलेल्या अशाच एका सायकलवर माझी विशाखाताई गेली. उतारावर, समोरून रेतीचा ट्रक आला. ट्रकवाला म्हणाला, पोरीनं ब्रेकच लावला नाही.

माझी ताई ब्रेक न लावणारी नव्हती. मला माहीत आहे ती.

“सांगा ना जी. कोणी पाहिले?”

“सुमेध, इथं बस.”

“बसायला नाही आलो.”

विहाराचं काम बघणारे मेश्रामकाका मोबाईल घेऊन सगळ्यांना फोटोसाठी उभं करत होते. “ए बाबू, मधात नको येऊ. दान देणाऱ्यांना पाठवायचा आहे फोटो.”

“पाठवा ना. संगं हेही सांगा, तुमच्या दानातली एक पोरगी कमी झाली.”

काकांनी मोबाईल खाली घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, “दुःखात आहे पोरगं. जाऊ द्या.”

ताई गेल्यापासून सगळे हेच म्हणतात. मी काहीही बोललो की ते दुःखात धरतात. खरं कोणी धरत नाही.

पहिली सायकल पायल उईकेची होती. आठवीतली पोर. तिनं हँडल धरलं आणि स्टँड काढला. मी पुढे झालो आणि समोरचं चाक दोन गुडघ्यांत दाबून धरलं.

“ही नाही जाणार.”

“माझी आहे दादा. माझं नाव पुकारलं.”

“भंगार आहे हे.”

“भंगार इतकं चमकते का?”

पोरं हसली. मी खाली बघितलं.

खरंच चमकत होती. लोकांनी वापरून टाकलेली सायकल, आणि रिंग अशी की तोंड दिसावं. मला ते पटेना. मी रिंगेवर बोट ठेवलं. बोट घसरलं. नाकाशी नेलं.

खोबरेल तेल.

ब्रेकचं रबर जिथं रिंगेला धरतं, नेमकं तिथं तेल.

“हे कोणी लावलं?”

...

मी मेश्रामकाकांकडे बघत होतो. त्यांचंच काम असणार, फोटोसाठी. त्यांची कॉलर धरायची हे मी ठरवूनही टाकलं होतं.

भंतेजी स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

“मी,” ते म्हणाले.

“...मागच्या वेळी पण?”

“हो. पोरींना जुनी वाटू नये म्हणून. पहाटे उठून एकेक चाक पुसलं होतं.”

माझा हात उठला. भंतेजी हलले नाहीत. डोळेही मिटले नाहीत त्यांनी.

तो हात खाली कसा आला, मला सांगता येत नाही.

“खोटं तरी बोलायचं होतं जी,” मी म्हणालो.

...

भंतेजी आसनावरून उठले. सायकलजवळ येऊन मातीत बसले. अंगावरच्या चिवराचं टोक हातात घेतलं आणि रिंग पुसायला लागले.

“भंतेजी, चिवर आहे ते!” काका धावले. “मी कपडा आणतो.”

भंतेजी पुसत राहिले. चिवर काळं झालं.

“बघ आता,” ते मला म्हणाले.

मी चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. चाक थांबलं.

मला खरं वाटलं नाही. “परत पुसा.”

त्यांनी परत पुसलं.

“असं नाही निघत. साबण लागेल. रबरालाही लागलं असेल.”

काका पळत जाऊन साबण आणि बादली घेऊन आले. भंतेजींनी रिंग धुतली, रबरं धुतली, चिवराच्या कोरड्या बाजूनं पुसली. मी त्यांना मदत केली नाही. नुसता बघत उभा राहिलो, कुठे चुकतात ते.

मग मी ब्रेक दाबून सगळा जोर लावून सायकल पुढे ढकलली. चाक फिरलं नाही. मातीत नुसतं घासत गेलं.

तरी मी हँडल सोडलं नाही.

“नेऊ का दादा?” पायलचा आवाज रडका झाला होता. “शाळा भरेल ना.”

मी भंतेजींकडे बघितलं. “तुम्ही सांगा.”

“मी कसं सांगू? माझा हात तेलाचा.”

“मग मी सांगू?”

“तुझ्याशिवाय कोणी विचारलंच नाही.”

...

पायल माझ्याकडे बघत होती. तिच्या पायात चप्पल नव्हती. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं, आणि या वेळी कोणी जाऊ द्या म्हणत नव्हतं.

“मी नाही म्हटलं तर?”

“तर ती चालत जाईल. जंगलातून, जशी जाते तशी. नाहीतर शाळा सोडेल.”

“आणि हो म्हटलं तर?”

भंतेजींनी बादलीत हात बुडवले. वर बघितलं नाही.

“तर रोज संध्याकाळी तुला तिची वाट बघावी लागेल.”