दीड मिनिटाचं पान

"...आणि तो दुकानदार खरं बोलतोय कशावरून, अप्पा?"

सुहास गायकरने वही मेजावर आपटली. वहीत सात छोट्या प्रिंटरांची नावं होती, लॅपटॉपबरोबर पिशवीत टाकून नेता येतील अशा. सहा खोडलेली होती. सातव्यापुढे प्रश्नचिन्ह होतं.

अप्पा टिपणीस तहसील कचेरीबाहेर पन्नास वर्षं लोकांचे अर्ज लिहीत बसलेले. सुहास त्यांच्याच हाताखाली शिकला. आता आपल्याला अप्पांपेक्षा चार गोष्टी जास्त कळतात, असं त्याला मनापासून वाटे.

"पहिला का खोडलास?"

"ओळीओळीने रांगतो तो. एका पानाला दीड मिनिट. कातकरवाडीच्या अकरा घरांचे जमिनीचे दावे, एकेकाची चार पानं. मी काय तिथे मुक्कामाला जाऊ?"

"दुसरा?"

"त्याला शाई नाही, नुसता कागद तापवून अक्षरं उठवतो. दोन वर्षांत कागद कोरा. तिसऱ्याची बॅटरी शंभर पानं चालते म्हणे. म्हणे! आणि चौथ्याची इंटरनेटवर एवढी स्तुती आहे, की कोणीतरी पैसे चारूनच लिहून घेतली असणार."

इतक्यात प्रिंटर विकणाऱ्या समोरच्या कॉम्प्युटरवाल्याने आपणहून दोन कप चहा पाठवला. अप्पांनी घेतला. सुहासने आपला कप बाजूला सरकवला. फुकटचा चहा कोण पाठवतं? आणि अप्पाही त्याला सामील नसतील कशावरून?

"चहा निवतोय," अप्पा म्हणाले.

"निवू दे. सोमवारी मुदत संपतेय, अप्पा. कातकरवाडीचे दावे पोचले नाहीत, तर कसताहेत ती जमीन त्यांच्या नावावर कधी लागायची?"

"मग गेल्या आठवड्यात छापून नेले होतेस ना?"



नेले होते. इथे छापून, टाचण्या मारून. वाडीतल्या बारकीबाई हिलमने त्या गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नव्हता. 'कागूद आमच्या डोल्यासमोर होऊं दे,' म्हणाली होती, 'मंग आंगठा.' मागे कोणीतरी तिचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता. त्यात तिची आंब्याची चार झाडं गेली. तिने ना म्हटलं, तशी सगळी वाडी उठून गेली.

"मी दमडी न घेता लिहून देतो," सुहासचा आवाज चढला. "आणि माझ्यावर संशय? मला फार लागलं ते, अप्पा."

अप्पांनी खोडलेल्या वहीकडे पाहिलं. मग थंड झालेल्या चहाकडे.

"आता कागद त्यांच्या डोळ्यांसमोरच बाहेर काढतो. म्हणजे बोलायला जागाच नको. फक्त यंत्र खात्रीचं हवं."

"डोळ्यांसमोर..." अप्पा म्हणाले.

त्यांनी एक कोरा कागद ओढला. लेखणी उचलली आणि दोन ओळी लिहिल्या, वडिलांनी शिकवलेल्या मोडीत, हात न उचलता. कागद सुहासपुढे सरकवला. वर शाईचा पॅड ठेवला.

"कर अंगठा."

सुहास कागदाकडे बघत राहिला. नुसती वेटोळी.

"काय आहे हे?"

"तुझ्या डोळ्यांसमोर लिहिलंय. शाई अजून ओली आहे."

"पण मला मोडी येत नाही."

"कर ना."

सुहासने हात मांडीखाली घेतला. पंधरा वर्षांची ओळख. याच माणसाने त्याला अर्जाचा पहिला शब्द लिहायला शिकवला होता... तरी हात काही बाहेर येईना. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरीही येईना.

"आधी वाचून दाखवा," तो म्हणाला.

अप्पांनी एकेका शब्दाखाली बोट धरलं. "सुहास नामदेव गायकर याने आज चहा घेतला नाही. सदर मजकूर त्यास वाचून दाखवला, तो त्यास मान्य आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"कशावरून?"

अप्पा हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

"पुन्हा वाचा," सुहास म्हणाला.

अप्पांनी पुन्हा वाचलं. तितकंच सावकाश. बोट त्याच शब्दांवर थांबलं, शब्द तेच आले. सुहासने तिसऱ्यांदा सांगितलं. अप्पांनी तिसऱ्यांदाही वाचलं.

मग सुहासने हात बाहेर काढला. पॅडवर टेकवला. कागदावर अंगठा उमटला.

त्याने निळं बोट रुमालाला पुसलं. मग त्याने थंड चहाचा कप उचलला आणि एका दमात संपवला.

"अप्पा... प्रिंटर कोणता घेऊ?"

अप्पांनी वही आपल्याकडे फिरवली आणि सगळ्यात वरच्या, खोडलेल्या नावावर बोट ठेवलं.

"हा. ओळीओळीने रांगणारा. आणि पान बाहेर येईस्तोवर गप्प बसू नकोस."