वीतभर कोरी भिंत

एका राज्यात राजवाड्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर एक चित्र होतं. ते कुणी सुरू केलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. रीत मात्र सगळ्यांना ठाऊक होती: दर पिढीच्या चित्रकारानं त्यात आपलं एक चित्र काढायचं आणि पुढच्यासाठी वीतभर भिंत कोरी सोडायची.

राजा भद्रसेनाला ती कोरी वीत डोळ्यांत खुपे. "अपुरं चित्र म्हणजे अपुरं राज्य," तो म्हणाला. कालकेतू नावाच्या जादूगारानं त्याला शापित खजिन्यातलं सोनं आणून दिलं, आणि राजानं चित्रकार केशवदत्ताला हुकूम सोडला, "या सोन्यानं जागा भरून टाक." केशवदत्तानं भरली. हुकूम होता हे खरं. पण आपल्यामागून या भिंतीला कुणी हात लावू नये, असं त्याच्याही मनात होतंच. शेवटचा वर्ख चिकटला आणि भिंतीनं त्याला कुंचल्यासकट आत ओढून घेतलं. भिंतीवर त्याचं चित्र तेवढं उरलं.

त्या दिवसापासून राज्यात नवं काही सुचेना. विणकरांच्या मागावर नुसतं पांढरं कापड निघे. बायका जात्यावर बसत, ओवीची पहिली ओळ गात आणि दुसरीपाशी अडत. केशवदत्त तर रोज थोडा पुसट होत चालला. आधी पाऊल गेलं, मग गुडघा. त्याची लेक इंदुला भिंतीला कपाळ टेकून रडे.

तेव्हा पिंपळावरचा तांबट पक्षी बोलला. "पोरी, रडून भिंत भिजेल, फुटणार नाही. तीन दारी जा. मिळेल ते मागून आण, पण होतं तसं ठेवू नकोस."

शेवटचं बोलणं इंदुलेला कळलं नाही. ती निघाली.

पहिलं दार डोंगरातल्या लेण्याचं. तिथे दगडाची नर्तकी उभी होती. इंदुला म्हणाली, "मला तुझी रेषा दे." नर्तकी म्हणाली, "माझ्याशेजारी उभी राहा." कंबर भरून येईतो इंदुला तशीच उभी राहिली, आणि तो बाक तिच्या अंगात उतरला.

दुसरं दार गेरूच्या टेकडीचं. तिथल्या नागानं विचारलं, "तुझी आई गेरूनं काय काढायची?" "उंबऱ्यावर पावलं," इंदुला म्हणाली, आणि तिला आईची बोटं आठवली. नागानं वेटोळं सोडून वाट दिली. तिनं ओंजळभर गेरू घेतला.

तिसऱ्या दारी आपोआप फिरणारं जातं होतं. इंदुलेनं खुंटा धरला तसं ते गाऊ लागलं:

"जात्याबाई फिर फिर, पीठ पडे भुरुभुरु..."

आणि थांबलं. "पुढचं तू गा."

"मला येत नाही. जुन्या ओवीत मी पदरचं कसं घालू?"

जातं खो खो हसलं. "अगं वेडे, मला का गळा आहे? इथे बसली तिनं आपलं दुःख घातलं. तेच मी गाते."

इंदुलेनं खुंटा सोडला नाही. डोळे भरून आले आणि ओळ आपसूक ओठांवर आली:

"बाबा माझा भिंतीआत, त्याला हाक कशी मारू..."

ती धावत राजवाड्यात आली. भिंतीवर आता बापाचा चेहरा तेवढा उरला होता. सोनं खरवडायला तिनं कनवटीचा शिंपला काढला तसा राजा आडवा आला.

"सोन्याला हात लावू नकोस."

"महाराज, तुम्हाला सोनं हवं की चित्रकार?"

राजानं त्या पुसट चेहऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून बाजूला झाला.

शिंपला लागताच सोन्याचे भुंगे झाले आणि उडून गेले. इंदुलेनं घाईनं लेण्यातली नर्तकी काढली, अगदी होती तशी. गेरू भिंतीवर ठरेना, ओघळून गेला. बापाची हनुवटी दिसेनाशी झाली. तांबटाचं बोलणं इंदुलेला तेव्हा कुठे उमगलं.

तिनं पुन्हा गेरूत बोट बुडवलं. कंबरेचा बाक नर्तकीचाच घेतला. पण बाई काढली ती दळणारी, तोंड उघडून गाणारी, गालावर पाणी असलेली. शेजारी नवी वीत कोरी सोडली आणि बोट उचललं.

मागांवर वेलबुट्ट्या उमटल्या. घरोघरी अडलेल्या ओव्या पुऱ्या झाल्या, प्रत्येकीची वेगळी. कालकेतूची विद्या त्याच क्षणी आटली. आणि केशवदत्त भिंतीतून बाहेर आला, अंगाला चुना लागलेला. त्यानं लेकीकडे पाहिलं नाही, आधी चित्राकडे पाहिलं. चित्रकाराची जात!

"खुंटा वाकडा आलाय," तो म्हणाला.

"हात कापत होता, बाबा. सरळ करते."

बापानं तिचं गेरूनं माखलेलं बोट आपल्या मुठीत धरलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तसाच."

जसा इंदुलेला तिचा बाप भेटला, तसं ज्याचं माणूस हरवलं असेल, त्याला ते भेटो.