पिन्हासमामांची जागा

"पण मग पिन्हासमामा निघून का गेले, काका?"

हनोखकाका शोफार पुसत होते. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग, नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, ते फुंकतात. काकांनी ते कापडात गुंडाळलं आणि मांडीवर ठेवलं.

आशेरचा राग नाकावर आला होता, आणि का येऊ नये? खाडीकाठच्या त्या छोट्या सिनेगॉगसाठी पोर सगळा पावसाळा खपलं होतं. आळीतली अर्धीअधिक घरं इस्रायलला निघून गेलेली. मागे राहिले ते म्हातारे, त्यातही कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. त्यात कुणी शेजारीपाजारी सण बघायला आलाच, तर दारातूनच डोकावून परत जायचा. आशेर म्हणाला, हे चालायचं नाही. सण सगळ्यांचा झाला पाहिजे.

त्यानं पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार करून घेतला. हिब्रू प्रार्थना मोठ्या ठळक देवनागरीत छापून घेतल्या, खाली मराठी अर्थ. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या. दारावर पाटी लावली, सर्वांचं स्वागत आहे. गावच्या पेपरात फोटोसुद्धा आला. फोटोत आशेर उतारावर उभा होता, अगदी ऐटीत. शिकत होता काकांच्या हाताखाली हझानकी, म्हणजे प्रार्थना चालवायचं काम, आणि मनातल्या मनात काकांच्या जागी कधीच जाऊन बसला होता.

सगळ्यात जास्त अभिमान त्याला पिन्हासमामांच्या जागेचा होता.

पिन्हासमामांचे दोन्ही पाय साखरेच्या आजारानं नेले. बायको त्याआधीच गेलेली, मुलगा तिकडे इस्रायलात, अश्दोदला. आळीच्या टोकाच्या घरात माणूस एकटा, शेजारीण डबा आणून देते तेवढीच जाग. पाय गेल्यापासून ते प्रार्थनेला आलेच नव्हते. आशेरनं त्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी खांबाजवळचं बाक काढलं, सतरंजी घातली, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून भोवती पांढरी फीत बांधली. स्वतः जाऊन मामांना घेऊन आला. मामा नवा सदरा घालून आले. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकातून खणखणीत आवाजात म्हणाले सगळं.

आणि सगळं आटोपून लोक उठले तसे, मधात बुडवलेली सफरचंदाची फोड तोंडात न घालता, आपल्याच हातांनी चाकं ढकलत उतारावरून निघून गेले.

आशेर मागोमाग धावला. तोवर दार लागलं होतं. आतून मामा म्हणाले, सोय फार चांगली केलीस हो. पण किप्पूरच्या उपासाला मला न्यायला येऊ नकोस. तो आपला दारफाळणीचा सण, वाडवडील त्या दिवशी दारं लावून घरातच बसायचे. मीही बसेन.

बोलणं गोडच होतं. पण आशेरच्या जिवाला लागलं.

"मी कुठे कमी पडलो ते तरी सांगा," तो काकांना म्हणाला.

काकांनी शोफार कपाटात ठेवून दिला.

"काका?"

"उद्या सणाचा दुसरा दिवस," काका म्हणाले. "उद्या तू पिन्हासच्या जागी बस."

आशेरला हसू आलं. रोज तो काकांच्या शेजारी उभा राहायचा. पण म्हाताऱ्याचा शब्द कोण मोडणार! दुसऱ्या दिवशी सकाळी फितीच्या आत खुर्ची टाकून बसला.

जागा खरंच चांगली होती. वारा यायचा, सगळं ऐकू यायचं, समोरचं सगळं दिसायचं. आशेर स्वतःवर खूष झाला. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या आणि डोक्यावरच्या टोप्या होत्या. मागे वळून बघायचं कुणाला काही कारण नव्हतं. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण जरा जास्तच मोठ्यानं म्हणतोय.

मग प्रार्थना संपली आणि हातबोशी सुरू झाली.

ही आमच्या लोकांची जुनी रीत. हझान आपले दोन्ही हात शेजारच्यापुढे करतो. शेजारी ते आपल्या हातांत घेतो, सोडतो, स्वतःची बोटं ओठांना लावतो आणि पुढच्याकडे वळतो. असा तो हात बाकाबाकावरून फिरत शेवटच्या माणसापर्यंत जातो. घरात भांडण असो, भावकीत कोर्टकज्जा असो, तेवढा हात घ्यायचाच. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, विचार करून कुणी करत नाही.

आशेरही विचार करत नव्हता. हात फिरत मागे यायला लागला तसे त्याचे हात आपोआप पुढे झाले.

शेवटच्या बाकावर शलोमभाऊ होते. त्यांनी हात घेतला, मागे वळून पाहिलं. मध्ये सतरंजी, फीत. माणूस लांब. शलोमभाऊंनी आपली बोटं ओठांना लावली आणि चपला शोधायला लागले. त्यांच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं.

आशेरचे हात तसेच राहिले.

लोक बोलत, हसत बाहेर गेले. कुणीतरी त्याला म्हणालं, अरे चल, खीर गार होतेय. तो उठला नाही. इतक्या माणसांत बसून माणसाला इतकं एकटं वाटू शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. रडूच आलं त्याला.

काका दारात उभे होते. थोड्या वेळानं तेही गेले.

सण उतरल्यावर आशेरनं फीत काढली, सतरंजी उचलली. बाक परत खांबाजवळ नेऊन ठेवलं. शलोमभाऊंना मागच्या बाकावरून पुढे आणलं, आणि पहिल्या रांगेत, काकांच्या आणि त्यांच्या मध्ये, चाकाची खुर्ची मावेल एवढी जागा केली. मग मामांच्या दाराशी गेला आणि झालं ते सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न राखता.

"बरं केलंस," मामा म्हणाले.

दार काही उघडलं नाही.

किप्पूरचा दिवस उजाडला. सगळे पांढरे कपडे घालून आले, सगळ्यांचा कडक उपास. पहिल्या रांगेतली जागा रिकामी होती. आशेर प्रार्थना म्हणत होता आणि सगळं लक्ष उताराकडे. दुपार झाली. उन्हं कलली. उतारावर एक कुत्रं तेवढं येऊन निजलं.

पाणीसुद्धा न घेता बसलेली म्हातारी माणसं. शलोमभाऊंचे ओठ सुकले होते. शेवटची प्रार्थना झाली, शोफार वाजला, दिवस संपला. बायकांच्या बाजूला सरबताची भांडी वाजायला लागली.

आता हातबोशी. काकांनी हात पुढे केले, आणि त्यांच्या शेजारी ती रिकामी जागा.

शलोमभाऊ जागा ओलांडून पुढे सरकले, दोन्ही हात पुढे करून. त्यांना वाटलं, उपासानं काकांना चक्कर आली असेल, म्हणून रिकाम्या जागेपुढे हात धरलेत. काकांनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. नाही. मग आशेरला जवळ बोलावलं आणि त्याचे हात आपल्या हातांत घेतले.

आशेरनं बोटं ओठांना लावली आणि सवयीनं शलोमभाऊंकडे वळला. काकांनी त्याचं मनगट धरलं.

"त्यांना नाही. त्यांच्या आधीचा माणूस राहिलाय."

"काका... पिन्हासमामांनी दार लावलंय."

"माहीत आहे."

"सकाळपासून ही माणसं उपाशी आहेत."

काका खाली बसले. शलोमभाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं, मग तेही बसले. हळूहळू सगळेच बसले. भांड्यांचा आवाज थांबला. कुणी चपलेत पाय घातला नाही.

आशेर उताराच्या तोंडाशी जाऊन थांबला. बाहेर आळीत अंधार पडत होता. टोकाच्या घरात दिवा नव्हता.

"आणि त्यांनी उघडलंच नाही तर?"

काकांनी डोळे मिटले होते.

"त्याच्या दारात हात पुढे करून उभा राहा," ते म्हणाले. "आम्ही बसलोय."